साखळी सामने म्हणजे काय?

आपल्याकडे कबड्डीचे सामने बहुतेक बाद पद्धतीने होतात. एकदा हरलं की संघ घरी! दुसरी पद्धत साखळीची. तिलाच लीग म्हणतात. त्यात प्रत्येक संघ इतर सगळ्या संघांशी खेळतो. कोल्हापूरच्या फुटबॉलवरून मला ती समजली, म्हणून इथे सांगतो.

कोल्हापुरात पेठापेठांत तालमी आहेत. तालीम म्हटलं की आपल्याला कुस्ती आठवते, पण तिथल्या तालमींचे फुटबॉल संघही आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही त्यांतली काही नावे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था शाहू स्टेडियमवर त्यांची साखळी स्पर्धा भरवते. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

फुटबॉलचा जुना देश इंग्लंड. तिथे मोठ्या संघांच्या खालीही पुष्कळ लीग आहेत. १९६८ साली सुरू झालेली नॉर्दर्न प्रीमियर लीग ही त्यांतलीच एक. तिथले बरेच खेळाडू आठवडाभर आपापली नोकरी करतात आणि खेळाचेही थोडे पैसे मिळवतात. वर्षअखेर पहिला आलेला संघ वरच्या लीगमध्ये चढतो आणि तळाचे संघ खाली उतरतात. त्यामुळे शेवटच्या संघालाही नेटाने खेळावंच लागतं.

आता गुण पाहू. विजयाला ३, बरोबरीला १, पराभवाला ०. इंग्लंडात पूर्वी विजयाला २ गुण होते. १९८१ पासून ३ झाले. तीन सामने बरोबरीत सोडवले तर ३ गुण. एक जिंकून दोन हरले तरीही ३ गुणच! म्हणजे जिंकायला धडपडणाऱ्याचा तोटा होत नाही.

थोडं गणित करू. चार वर्गांचे चार संघ धरा. बाद पद्धतीत ३ सामने होतात. साखळीत ४ × ३ = १२, भागिले २, म्हणजे ६ सामने. दोनने का भागायचं? पाचवी विरुद्ध सहावी आणि सहावी विरुद्ध पाचवी हा एकच सामना, म्हणून.

बाद पद्धतीत दोन वर्ग एकच सामना खेळून बसून राहतात. साखळीत प्रत्येक वर्गाला तीन सामने मिळतात. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक सामना घेतला, तर सहा शनिवारांत साखळी पुरी होईल. गुरुजनांनी आणि पालकांनी यंदा कबड्डीसाठी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी