चेटकिणीच्या कढईतून

१. भीतीच्या घरात शिरताना कुणीतरी हात धरायला लागतं. ‘द हॉन्ट ऑफ फिअर’ या अमेरिकन भयकथा-कॉमिकमध्ये (१९५०–५४) हे काम एक म्हातारी चेटकीण करते. कढई ढवळत, अचाट कोट्या करत ती गोष्ट सुरू करते. संपली की पुन्हा येऊन खिदळते. ती सोबतीला असते म्हणूनच मधली सात-आठ पानं सोसवतात.

२. भुतापेक्षा शेजारी जास्त भयंकर असतो. याच कॉमिकमधली १९५२ सालची ‘पोएटिक जस्टिस’ ही गोष्ट वाचल्यापासून हे मनातून जात नाही. भंगार गोळा करणारा एक म्हातारा जुनी खेळणी दुरुस्त करून मुलांना देतो. शेजारच्या श्रीमंत बापलेकांच्या डोळ्यांत तो खुपतो. ते त्याची कुत्री हिरावतात, मुलांना त्याच्यापासून तोडतात आणि व्हॅलेंटाइनच्या दिवशी सगळ्या वस्तीनं लिहिली असावीत अशी विखारी कार्डं धाडतात. म्हातारा जीव देतो. वर्षानं कबरीतून उठून येतो. तो उठला तेव्हा मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच धडकी भरली. पुढे काय होणार हे कळत होतं, तरी ते व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

३. बीभत्स काढणाऱ्या हाताला माया ठाऊक असते. ‘पोएटिक जस्टिस’ ग्रॅहम इंगल्सनं चितारली. तो सहीच ‘घॅस्टली’ अशी करायचा. लोंबणारी कातडी, लाळेचे धागे ही त्याची खासियत. पण त्या म्हाताऱ्याचे वाकलेले खांदे त्यानं किती हळुवारपणे काढलेत!

४. शब्दांच्या गर्दीतही दहशत मावते. संपादक-लेखक ॲल फेल्डस्टाइनचा मजकूर आधी पानावर उतरायचा, चित्रकाराला मग उरेल ती जागा.

५. अशा कॉमिक्सना घाबरलेल्या आईबापांवर मला रागावता येत नाही. एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीसमोर बालगुन्हेगारी आणि कॉमिक्स या विषयावर सुनावणी झाली. ‘द हॉन्ट ऑफ फिअर’चा प्रकाशक बिल गेन्स यानं तिथे साक्ष दिली. त्याच वर्षी प्रकाशकांच्या संघटनेनं आचारसंहिता आणली आणि शीर्षकात ‘हॉरर’, ‘टेरर’ हे शब्द वापरायलाच मनाई झाली. वर्षअखेरीच्या अंकानंतर चेटकिणीचं द्वैमासिक बंद पडलं. काही पानं लहानांच्या हाती पडू नयेत, हे मलाही पटतं. पण भंगारवाल्या म्हाताऱ्याची गोष्टही त्याच गाठोड्यात बांधून टाकली गेली, याचं वाईट वाटतं.

६. जपणारा एक माणूस पुरतो. मूळ चित्रांची फारशी कदर नसलेल्या त्या काळात गेन्सनं ती सांभाळून ठेवली, म्हणून पुनर्मुद्रित संग्रहात इंगल्सच्या ब्रशचा केसन् केस दिसतो. माझी भाची थोडी मोठी झाली की तिला मी हा संग्रह देणार आहे. ‘पोएटिक जस्टिस’ मात्र आम्ही दोघं एकत्र बसून वाचू.