घरगुती चित्रफितींची डीव्हीडी तयार करणे

स्नेहसंमेलन, वनभोजन किंवा एखाद्या शिक्षकबंधूंचा निरोपसमारंभ यांचे चित्रण आता खिशातील फोनवर सहज होते. परंतु ते पाहण्याची उत्कंठा ज्यांना सर्वांत अधिक, अशा वडीलधाऱ्या मंडळींच्या घरी पुष्कळदा संगणक नसतो. टीव्ही आणि त्याला जोडलेला जुना डीव्हीडी प्लेअर मात्र काही घरांत अजून असतो. अशा घरांसाठी तबकडी कशी तयार करावी, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या मुख्याध्यापकांच्या निरोपसमारंभाची तबकडी मी त्यांना भेट दिली. संगणकावरील फाईल कोऱ्या तबकडीवर उतरविली की डीव्हीडी झाली, अशी माझी समजूत होती. गुरुजींनी शेजारच्या मंडळींना मुद्दाम बोलावून घेतले, तबकडी यंत्रात घातली, आणि पडद्यावर काहीच उमटले नाही. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी सर्वांना चहा दिला. मला मात्र तो चहा गोड लागला नाही.

दोष यंत्राचा नव्हता आणि तबकडीचाही नव्हता. मोडी न शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे मोडीतील पत्र ठेवले तर मजकूर मराठी असूनही त्याला तो वाचता येत नाही. तसाच हा प्रकार. फोनवरील चित्रण बहुधा एमपी४ फाईलमध्ये असते. साध्या डीव्हीडी प्लेअरला एमपीईजी-२ या पद्धतीने लिहिलेली चित्रेच कळतात, आणि तीही ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या कप्प्यात ठरलेल्या नावांच्या फाईलींत मांडलेली असावी लागतात. काही प्लेअर इतर प्रकारच्या फाईलीही वाचतात, पण दुसऱ्याच्या घरचे यंत्र तसे असेलच असे गृहीत धरू नये. सारांश, फाईलचे लिप्यंतर आणि मांडणी ही दोन्ही कामे करावी लागतात.

आपल्या देशात यासाठी ‘पाल’ ही पद्धत निवडावी. तीत चित्राचे ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात आणि सेकंदाला २५ चित्रे सरकतात. फोन आडवा धरून चित्रण केले असल्यास १६:९ हे प्रमाण ठेवावे. उभ्या फोनवरील चित्रणाच्या दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतात, त्याला इलाज नाही.

आता वेळेचा हिशेब. नेहमीच्या तबकडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. एका बाइटचे ८ बिट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट झाले. कार्यक्रम २ तासांचा, म्हणजे ७,२०० सेकंदांचा असेल तर भागाकाराने प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे ५२ लाख बिट येतात. त्यांतून आवाजासाठी सुमारे २ लाख आणि थोडी मोकळी जागा वगळून चित्रासाठी ४८ लाख धरावे. चित्र स्वच्छ दिसते. तोच कार्यक्रम ४ तासांचा असल्यास वाटा निम्म्यावर येतो आणि नाचणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांवर चौकटी दिसू लागतात. अशा वेळी दोन तबकड्या कराव्यात. उलट, कार्यक्रम अर्ध्या तासाचा असला तरी चित्राचा वेग ९८ लाखांच्या वर नेता येत नाही. तशी मर्यादाच घातलेली आहे. (सातवीच्या वर्गास हे उदाहरण घालण्यास हरकत नाही.)

प्रत्यक्ष कामासाठी ‘डीव्हीडीस्टायलर’ हा विनामूल्य मिळणारा प्रोग्राम पुरेसा आहे. नवीन काम उघडताना तबकडीची क्षमता, पाल व १६:९ ही निवड करावी, मग चित्रफिती क्रमाने आत घ्याव्यात. वरील भागाकार तो स्वतःही करतो. आरंभीची अनुक्रमणिका साधी ठेवावी. फुलापानांच्या चित्रांत वेळ फार जातो. शेवटी एकदम तबकडीवर न लिहिता प्रथम ‘आयएसओ’ फाईल करून घ्यावी आणि संगणकावर व्हीएलसी या प्रोग्राममध्ये ती आरंभापासून अखेरपर्यंत पाहावी. आवाज आणि ओठ जुळतात की नाही, हे विशेषतः शेवटच्या भागात पाहावे. सर्व ठीक असेल तरच तबकडी लिहावी. नव्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पा बहुधा नसतो. तो बाहेरून जोडता येतो. लिहिण्याचा वेग मध्यम ठेवावा आणि तबकडी ‘फायनलाइज’ झाल्याची खात्री करावी. तसे न झाल्यास ती संगणकावर दिसते, पण पुष्कळ प्लेअर तिला ओळखत नाहीत. तबकडीवर नाव घालण्यास मऊ टोकाचे पेन वापरावे. कागदी चिकटपट्टी लावू नये, तिने तोल जाऊन तबकडी फिरताना डगमगते.

मूळ फाईल मात्र कदापि पुसू नये. आजच्या फोनवरील १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्राशी तुलना करता डीव्हीडीवर त्याचा बरोबर पाचवा हिस्साच उतरतो, आणि गेलेले बिंदू पुन्हा मिळत नाहीत. मूळ फाईली दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात.

गुरुजींच्या घरी दुसरी तबकडी नेली तेव्हा ती प्रथम त्यांच्याच यंत्रात लावून पाहिली, आणि मगच शेजाऱ्यांना हाक मारली.