आदिलाबादचे माहूर नांदेडचे कसे झाले?

प्रश्न : आजोबा सांगत, आपला भाग पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात आणि हैदराबाद 'ब' वर्गाचं राज्य. म्हणजे दुय्यम दर्जाचं का? आणि जिल्हा बदलला कुणी? – एक वाचक, माहूर

उत्तर : आजोबांचं बरोबर आहे. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद भारतात आलं. १९५०च्या घटनेत ते 'ब' भागात बसलं. राज्यपालाच्या जागी राजप्रमुख, आणि तो कोण, तर खुद्द निजाम! दुय्यम म्हणाल तर एका अर्थी होतंच : मूळ कलम ३७१नुसार अशा राज्यांच्या सरकारांवर दहा वर्षं राष्ट्रपतींचं, म्हणजे व्यवहारात दिल्लीचं, सर्वसाधारण नियंत्रण राहणार होतं. मुंबई राज्यावर असा अंकुश नव्हता.

जिल्हा बदलला तो संसदेच्या राज्य पुनर्रचना कायद्याने. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि किनवट-माहूरचा पट्टा आदिलाबादमधून नांदेडात. कलम ३नुसार सीमा बदलताना विधानसभेचं मत विचारतात. ते मानण्याचं बंधन संसदेवर नाही. आपलं संघराज्य असं केंद्राकडे झुकलेलं आहे.

त्याच वर्षी 'ब' वर्ग गेला, कलम ३७१ही बदललं. आजचं ३७१(२) मराठवाड्यासाठी स्वतंत्र विकास मंडळ आणि निधीचं न्याय्य वाटप ही राज्यपालांची विशेष जबाबदारी ठरवू देतं. मंडळ १९९४ला आलं, ३० एप्रिल २०२०ला मुदत संपली. मंडळासाठीचा आदेश मात्र राष्ट्रपतींचा लागतो. तेव्हा मंडळ पुन्हा आणण्याच्या मागणीचं निवेदन आमदारांना द्याच, पण एक प्रत खासदारांनाही द्या.