अध्यक्षबाईंची शाळा

चि. बाळास,


शेतकरी उत्पादक कंपनीच्या अध्यक्षपदी तुझी निवड झाली, अभिनंदन. सोयाबीनचा हंगाम तोंडावर आलाय आणि तू विचारतेस, आधी दोन वर्षं व्यवस्थापनाची पदवी घेऊ का? नको. तेवढ्या काळात कंपनीचे दोन हंगाम निघून जातील. शिकायला मात्र आजपासूनच लाग.

प्रवरानगरच्या विठ्ठलराव विखे पाटलांचं शालेय शिक्षण बेताचंच. शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढायचा ठरल्यावर त्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांना गाठलं. हा अर्थतज्ज्ञ कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला आणि 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झालं. तिकडे खेडा जिल्ह्याचा दूध संघ 1946 चा. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल सभासदांच्या पूर्ण विश्वासातले. 1949 साली सरकारी नोकरीसाठी आणंदला आलेल्या वर्गीस कुरियन या अभियंत्याला त्यांनी संघात ओढलं. गावचा विश्वास एकाकडे, विद्या दुसऱ्याकडे, आणि दोघांनी एकमेकांचं ऐकलं. अशा संस्थांना माणसं मिळावीत म्हणून कुरियन यांनी 1979 साली आणंदला ग्रामीण व्यवस्थापन संस्था काढली. 2025 च्या कायद्याने तिथे आता त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालंय.

ही विभागणी तुझ्या कंपनीच्या कायद्यातही आहे. उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो आणि तो सभासदांबाहेरचा असावा लागतो. म्हणजे पदवी त्याची असू दे. संचालक पाच ते पंधरा असतात. अधिकाऱ्याने मांडलेल्या आकड्यांवर प्रश्न विचारणं हे त्यांचं काम. बऱ्याच संस्थांत हे काम होतच नाही. बैठकीत चहा येतो, ठराव वाचला जातो, सह्या होतात. पुढे तोटा बाहेर आला की सगळे एका सुरात म्हणतात, 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही.' सहकारी संस्थांतल्या जुन्या संचालकांना विचार, सहकार कायद्यातल्या कलम 88 चं नाव काढलं तरी त्यांचा घसा कोरडा पडतो. त्या कलमाखाली संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी थेट संचालकांवर ठरवता येते.

आता तुझ्या सोयाबीनकडे येऊ. शेतकऱ्याकडून 14 टक्के ओलाव्याचं 100 क्विंटल सोयाबीन घेतलं आणि 12 टक्क्यांपर्यंत वाळवून विकलं, तर हातात सुमारे 97 क्विंटल 73 किलो उरतं. सव्वादोन क्विंटलांहून जास्त माल कुणी न चोरता गेला. वर भाव वाढेल म्हणून तीन महिने गोदामात ठेवला आणि खरेदीचं कर्ज वार्षिक 12 टक्क्यांचं असलं, तर आणखी 3 टक्के व्याजात जातात. हमाली, बारदाना, काडीकचरा अजून धरलेलाच नाही आणि पाच टक्के संपले! व्यापारी हा हिशेब तोंडी करतो. कंपनी अनेकदा करत नाही, कारण ओलं सोयाबीन आणणारा माणूस सभासद असतो, बहुधा संचालकाचा चुलतभाऊ. त्याच्यासमोर ओलावामापक यंत्र लावून भाव कापायला धाक लागत नाही, आधी ठरवून जाहीर केलेला कपातीचा तक्ता लागतो.

सभासद एकाच वेळी माल विकणारा आणि मालक असतो, ही या संस्थांची खरी अडचण. शहरी व्यवस्थापनशाळेत ती फारशी भेटत नाही. सभासदाला आज जास्त भाव हवा असतो आणि वर्षअखेरीस लाभांशही हवा असतो. कायद्याने यावर बरी वाट काढलीय: मालाच्या किमतीतला काही भाग कंपनी रोखून ठेवू शकते आणि नंतर देऊ शकते, वर्षअखेरचा बोनसही ज्याने कंपनीशी जेवढा व्यवहार केला त्या प्रमाणात वाटता येतो. मत मात्र प्रत्येकाला एकच, शेअर कितीही असोत. माल बाहेर विकून कंपनीत फक्त मिरवणाऱ्याला बोनस नाही, हे तू पहिल्याच सभेत सांगून टाक.

अनुदानाचंही ऐक. 2020 च्या केंद्रीय योजनेत संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदतीची तरतूद केली गेली. चौथ्या वर्षी काय? समज, अधिकारी आणि हिशेबनीस मिळून महिन्याला 35 हजार पगार आहे. वर्षाचे झाले 4 लाख 20 हजार. क्विंटलमागे निव्वळ 50 रुपये सुटत असतील, तर नुसत्या पगारासाठी 8,400 क्विंटलांची खरेदी हवी. तेवढं सोयाबीन तुझे सभासद खरंच आणतील का, हे आत्ताच घरोघर विचार.

शिक्षणाचं सगळ्यात झणझणीत उदाहरण माणदेशातलं आहे. म्हसवडच्या चेतना सिन्हा गावातल्या बायकांसह महिला बँक काढायला निघाल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. अर्जावर निरक्षर बायकांचे अंगठे होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा. तुमच्या अधिकाऱ्यांनाही सांगा, मात्र गणकयंत्र न वापरता. परवाना मिळाला, 1997 साली बँक सुरू झाली. पुढे सिन्हा यांच्याच संस्थेने बसमध्ये भरणारी उद्योगशाळा गावोगाव फिरवली.

तेव्हा पुण्याच्या वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणचा थोड्या दिवसांचा वर्ग हंगाम उरकल्यावर जरूर कर. पण एकटी जाऊ नकोस. उपाध्यक्षाला ने, आणि प्रत्येक बैठकीत तुला आडवा जाणारा जो संचालक असेल त्यालाही ने. अध्यक्ष एकटीच शिकून आली तर इतरांना ती शहाणी वाटत नाही, शिष्ट वाटते. प्रमाणपत्र भिंतीवर लावलं नाही तरी चालेल.

आता त्या पहिल्या सभेचं. कंपनीच्या नोंदणीपासून 90 दिवसांत पहिली आमसभा घ्यावी लागते. नोटीस किमान 14 दिवस आधी जायला हवी आणि एक चतुर्थांश सभासद हजर हवेत. नोटिशीसोबत खरेदीच्या अंदाजाचं एक पान, घट, व्याज आणि पगाराच्या आकड्यांसह, सोप्या मराठीत छापून घरोघर पोचव. एक प्रत मलाही धाड.

तुझा,
मामा