पाठ १४ : अकरा गुणांचा लाख

पातळी : ४

वाचण्याआधी : तुम्ही स्क्रॅबल खेळला आहात का? ज्याचा अर्थ माहीत नाही असा शब्द कधी लावला आहे का?

मागच्या महिन्यात आमच्या ऑनलाइन वर्गात शेवटची दहा मिनिटं उरली होती. मुलं म्हणाली, "काका, स्क्रॅबल खेळू या!" मी हो म्हटलं. एका मुलीने एल-ए-के-एच ही चार अक्षरं लावली आणि ११ गुण मिळवले.

"काका, हा शब्द चालतो!"

"चालतो ना. पण लाख म्हणजे किती?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "माहीत नाही. यादीत आहे, म्हणून पाठ केला."

मी तिला अजिबात रागावलो नाही. कारण एकदा मीही तिच्या जागी होतो.

माझी शाळा मराठी माध्यमाची. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. मी नोकरीसाठी अमेरिकेत आलो, तेव्हा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिघंजण स्क्रॅबल खेळायचे. त्यांनी मलाही बोलावलं. पहिल्याच दिवशी एकाने क्यू आणि आय ही दोन अक्षरं लावली. मला वाटलं, अर्थ सगळ्यांना माहीत आहे, फक्त मलाच नाही. विचारलं तर हसतील. म्हणून मी नुसती मान डोलावली.

मराठीत एक म्हण आहे : झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ बंद आहे तोपर्यंत आत काय आहे ते कुणाला कळत नाही. लोकांना वाटतं, आत सव्वा लाख रुपये असतील! मीही माझी मूठ झाकून ठेवली.

असे तीन-चार आठवडे गेले. शेवटी धीर करून विचारलं, "याचा अर्थ काय?" तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच माहीत नव्हतं! त्यांच्याही मुठी झाकलेल्याच होत्या. त्या दिवसापासून मी एक वही केली. खेळात नवा शब्द दिसला की घरी जाऊन त्याचा अर्थ लिहायचा.

क्यू इतका महाग का?

स्क्रॅबल हा खेळ आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टने शोधला. १९३० च्या दशकातल्या मंदीत त्याची नोकरी गेली होती. कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे त्याने वर्तमानपत्राचं पहिलं पान घेऊन मोजलं. ई खूप वेळा येतो, म्हणून ई च्या १२ टाइल्स आणि प्रत्येकीला फक्त १ गुण. क्यू क्वचित येतो, म्हणून त्याची एकच टाइल आणि गुण १०. पुढे १९४८ साली या खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव मिळालं.

इंग्रजीत क्यूच्या मागे बहुतेक वेळा यू लागतो. हातात यू नसेल तर क्यू अडकून बसतो. म्हणून खेळाडू आगळेवेगळे शब्द शोधून ठेवतात.

माझ्या वहीतले काही शब्द

क्यू-आय (११ गुण) : चिनी शब्द. उच्चार 'ची'. शरीरातली जीवनशक्ती. आपल्या 'प्राण' या शब्दाच्या जवळचा.

एस-यू-क्यू (१२ गुण) : अरबी शब्द. उच्चार 'सूक'. अर्थ बाजार. दुबईतल्या सोन्याच्या बाजाराला 'गोल्ड सूक' म्हणतात, तोच हा सूक.

सी-डब्ल्यू-एम (१० गुण) : वेल्श शब्द. उच्चार 'कूम'. हिमनदीने कोरलेली, वाटीसारखी दरी. एव्हरेस्टच्या वाटेवर 'वेस्टर्न कूम' आहे. ते नाव जॉर्ज मॅलरी याने १९२१ साली दिलं.

एफ-ए-क्यू-आय-आर (१७ गुण) : मोठ्याने वाचा. ओळखलंत? फकीर! इथे क्यूच्या मागे यू नाही.

जी-एच-ए-टी (८ गुण) : घाट. नदीच्या पायऱ्यांना घाट म्हणतात आणि डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यालाही.

आणि माझा सगळ्यात लाडका शब्द : मॉन्गूस, म्हणजे आपलं मुंगूस! इंग्रजी शब्दकोश या शब्दाचं मूळ सांगताना मराठीचं नाव घेतात. इंग्रजीत 'गूस' म्हणजे हंसासारखा पक्षी आणि त्याचं अनेकवचन 'गीस'. म्हणून काहीजण 'मॉन्गीस' म्हणतात. पण मुंगसाचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही. नेहमीचं अनेकवचन 'मॉन्गूसेस' असंच आहे.

अर्थ नसला तरी जिंकता येतं का?

खरं सांगायचं तर, येतं. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्याने शब्दांची यादीच पाठ केली होती! त्याच्या स्मरणशक्तीला सलाम. पण त्या शब्दांनी त्याला फ्रेंच माणसाशी गप्पा मारता आल्या नाहीत. आपल्याला गुण हवेतच, पण आजीशी गप्पाही मारायच्या आहेत.

त्या मुलीला मी सांगितलं, "लाख म्हणजे एकावर पाच शून्यं. आता घरी आणखी कुणाला तरी विचार." पुढच्या रविवारी ती कॅमेरा सुरू होताच बोलायला लागली.

"काका, मी आजीला फोन केला! ती म्हणाली, लाख दोन असतात. एक मोजायचा. दुसरी ती लाख, जिच्या बांगड्या करतात. झाडावरचे किडे ती तयार करतात. आणि महाभारतातलं लाक्षागृह त्याच लाखेचं होतं. मग मी शोधलं, तर इंग्रजीत तिला एल-ए-सी म्हणतात. तोही शब्द चालतो!"

त्याचे गुण फक्त ५. पण ही दुसरी लाख मलाही तेव्हा आठवली नव्हती. मी ती लगेच वहीत लिहून घेतली.

शब्दार्थ

मान डोलावणे – हो म्हणण्यासाठी मान हलवणे
धीर करणे – भीती वाटत असूनही एखादी गोष्ट करणे
सव्वा – एक आणि पाव. सव्वा लाख म्हणजे १,२५,०००
मंदी – धंदा आणि नोकऱ्या कमी होण्याचा काळ
हिमनदी – बर्फाची हळूहळू सरकणारी नदी

प्रश्न

१. लेखकाने पहिल्या दिवशी अर्थ का विचारला नाही?
२. 'त्यांच्याही मुठी झाकलेल्याच होत्या' म्हणजे काय?
३. क्यूला १० गुण आणि ई ला १ गुण का?
४. तुम्ही कधी मूठ झाकून ठेवली होती का? चार-पाच वाक्यांत लिहा.

कृती

इंग्रजी शब्दकोशात भारतातून आलेले तीन शब्द शोधा. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या स्क्रॅबलच्या याद्या वेगळ्या असतात, म्हणून तुमच्या देशाची यादी बघा. प्रत्येक शब्दाचे गुण मोजा. मग आजी, आजोबा किंवा घरातल्या मोठ्या माणसाला त्याचा अर्थ विचारा आणि त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.