पेट्रोल मोटारीच्या इंजिनाची अस्थिर मंद गती : दोष कसा शोधावा

राहते घर शिवाजी पेठेत आणि ऊस फुलेवाडीच्या पलीकडे, अशी ज्या बागायतदाराची स्थिती आहे, त्याला मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. खताचे एखादे पोते, फवारणीचा पंप, शेतावरचे जेवण आणि घरातील वृद्ध माणसे या सर्वांची ने-आण तीच करते. अशी मोटार निवृत्ती चौकातील गर्दीत थांबली असता थरथरू लागते, इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो आणि इंजिन एकाएकी बंद पडते. एक्सलरेटर दाबताच मात्र सर्व काही ठीक वाटते, ही तक्रार पुष्कळ वेळा ऐकू येते. यावर ‘स्लो थोडा वाढवून घ्या’ हा सल्ला हटकून मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे. ताप उतरविला म्हणजे रोग गेला असे होत नाही. त्यातच कार्बुरेटर जाऊन इंधन-फवाऱ्याची पद्धत आलेल्या मोटारीत वाढविण्याजोगा स्क्रू बहुधा नसतोच. ते काम संगणक करतो.

एक्सलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन ज्या गतीने फिरते तिला मंद गती म्हणावे. चार सिलिंडरच्या सामान्य मोटारीत ही गती इंजिन गरम झाल्यावर दर मिनिटास सुमारे ७०० ते ९०० फेरे असते. या वेळी हवेची झडप जवळजवळ बंद असून इंजिन अगदी थोडी हवा व त्या मानाने थोडे पेट्रोल घेते. पाटाला भरपूर पाणी असताना बांधातील खेकड्याच्या बिळाची कोणी फिकीर करीत नाही. तेच पाणी बारीक धारेने वाहू लागले की त्याच बिळामुळे शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. लहानसा दोष वेगात झाकला जातो आणि मंद गतीत उघडा पडतो.

म्हणून बोनेट उघडण्यापूर्वी दोन-तीन दिवस निरीक्षण करावे. दोष सकाळी थंड इंजिनावर दिसतो की शेतावरून परतल्यावर? वातानुकूलन यंत्र चालू केल्यावर वाढतो काय? पेट्रोल भरल्यावर लगेच येतो काय? (असे असल्यास टाकीतील वाफ इंजिनाकडे नेणारी झडप उघडी राहत असण्याचा संशय घ्यावा.) गॅसवरही चालणारी मोटार असेल तर दोन्ही इंधनांवर ती पाहावी. केवळ पेट्रोलवर डळमळत असेल तर दोष बहुधा पेट्रोलच्या वाटेवर आहे, हे एक पैसाही खर्च न करता कळते. हे निरीक्षण मोकळ्या जागीच करावे. पेठेतील अरुंद बोळात किंवा दार लावलेल्या गोठ्याशेजारच्या खोलीत इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नसतो आणि तो माणूस व जनावर दोघांचाही जीव घेतो.

इंजिनाच्या आवाजातील ताल फार बोलका असतो. गती सावकाश चढते, उतरते, पुन्हा चढते, असा झोका असेल तर हवेचा हिशेब चुकतो आहे असे समजावे. झोका नसून ठराविक अंतराने ठोका चुकत असेल, धुराच्या नळीतून ‘फट्‌ फट्‌’ असा आवाज येत असेल, तर एखादा सिलिंडर काम करीत नाही. ८०० फेऱ्यांवर चार सिलिंडर मिळून मिनिटाला १६०० स्फोट करतात. त्यांतील ४०० नाहीसे झाले तर गाडी हलणारच.

चोरवाटेची हवा

अस्थिर मंद गतीचे वारंवार आढळणारे एक कारण म्हणजे मोजमापाबाहेरची हवा. झडपेच्या पुढील भागात मंद गतीच्या वेळी निर्वात असतो. तेथील रबरी नळी तडकली, तिची क्लिप सैल झाली किंवा गॅस्केट फुटले तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होते. कोल्हापूर भागात उंदीर हे याचे एक कारण असते. ऊस तुटून गेला की शेतातील उंदीर घराकडे, गोठ्याकडे वळतात. त्यांचे पुढचे दात सतत वाढत असल्याने त्यांना काहीतरी कुरतडावेच लागते; रबरी नळी व वायर त्यांना सोयीची पडते. बोनेटखाली लेंड्या किंवा चिपाडाचे तुकडे दिसले की नळ्या प्रथम तपासाव्यात.

तपासणीची रीत साधी आहे. हातभर लांबीच्या रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक संशयित सांध्यांजवळून फिरवावे. जेथे हवा आत शिरते तेथे स्पष्ट फुसफुस ऐकू येते. फिरता पंखा व पट्टा यांपासून हात, धोतर व उपरणे दूर ठेवावे. सांध्यावर पेट्रोल शिंपडून गळती शोधण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आढळते. तिने आग लागू शकते, म्हणून ती सर्वस्वी टाळावी. गळती हाती न लागल्यास कार्यशाळेत धुराचे यंत्र लावून ती नेमकी दाखविता येते.

यातील एका नळीची तपासणी मात्र कधीही टाळू नये. इंजिनाकडून ब्रेकच्या साहाय्यक पेटीकडे एक जाड नळी जाते. मंद गतीवर ब्रेक दाबून धरल्यावर इंजिनाची गती स्पष्टपणे बदलत असेल, फुसफुस येत असेल किंवा ब्रेक दगडासारखा घट्ट लागत असेल, तर ही नळी किंवा पेटी गळते आहे. अशी मोटार चौकात नुसती बंद पडेल, पण गगनबावड्याच्या पुढे घाट उतरताना तिचा ब्रेक दाबण्यास नेहमीच्या कितीतरी पट जोर लागेल. दुरुस्ती होईपर्यंत ती रस्त्यावर काढू नये.

मिस्त्रीकडे निर्वातमापक असल्यास त्याचा उपयोग अवश्य करून घ्यावा. समुद्रकाठी निरोगी इंजिन मंद गतीवर सुमारे १८ ते २१ इंच निर्वात दाखविते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने येथे हा आकडा दोनएक इंच कमी येतो. तेवढ्यावरून इंजिनात दोष आहे असे ठरवू नये. काटा स्थिर पण फार खाली असेल तर हवेची गळती किंवा उशिरा पडणारी ठिणगी, आणि तो ठराविक तालाने खाली झटका घेत असेल तर एखाद्या सिलिंडरची झडप, असा निष्कर्ष बहुधा खरा ठरतो.

गळती नसून झोका आहे, असे असेल तर हवेच्या झडपेभोवती साचलेली काजळी पाहावी. ती त्यासाठीच्या द्रावणाने व मऊ फडक्याने पुसावी. विजेवर चालणारी झडप किल्ली चालू असताना बोटाने उघडू नये. बोट चेंगरते व यंत्रणाही बिघडते. हवेची गाळणी चोंदली असल्यास बदलावी.

ठिणगी आणि पेट्रोल

ठोका चुकणाऱ्या इंजिनाचे प्लग काढून क्रमाने मांडावेत. टोकाचा रंग फिकट तपकिरी असावा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त; तेलकट ओल म्हणजे सिलिंडरमध्ये तेल शिरते आहे; पांढरेफटक टोक म्हणजे मिश्रण पातळ किंवा उष्णता अधिक. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर शोध त्याच सिलिंडरपुरता ठेवावा. त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. दोष तिच्याबरोबर सरकला तर कॉइल गेली आहे, नवीन संच घेण्याचे कारण नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील किंवा २०२१ च्या जुलैमधील पुरात उभ्या राहिलेल्या मोटारी वापरात असतील तर त्यांच्या वायरींच्या जोडांत हिरवट गंज चढला आहे काय हेही पाहावे.

पेट्रोलविषयी ऊस उत्पादकाने थोडे अधिक जाणून घेणे योग्य होईल, कारण त्याच्याच उसाचा अंश इथेनॉलच्या रूपाने टाकीत येतो. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने देशभर विक्रीस आले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग पुरते. संगणक असलेली मोटार पेट्रोलचे प्रमाण वाढवून हे सांभाळून घेते. कार्बुरेटरच्या जुन्या जीपला ते जमत नाही. तिचे मिश्रण पातळ होते आणि जुन्या रबरी वस्तू फुगतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली जुनी गाडी दसऱ्याला धडपणे चालू होत नाही, त्यामागे पुष्कळदा टाकीच्या तळाशी बसलेले पाणी व इथेनॉल हे कारण असते. टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे, मगच कार्बुरेटर उघडावा.

एप्रिल २०१३ नंतरच्या मोटारीस तपासणी-यंत्र जोडता येते. ते केवळ दोषाचा क्रमांक सांगते, दोषी भाग नव्हे. मिस्त्रीस एवढेच विचारावे की संगणक पेट्रोल किती टक्के वाढवितो आहे. मंद गतीवर ही वाढ १० टक्क्यांहून अधिक असून २५०० फेऱ्यांवर ती ओसरत असेल तर चोरवाटेची हवा आहे. उलट वेगाबरोबर वाढ चढत जात असेल तर पेट्रोलच कमी पोचते आहे; तेव्हा पंप व गाळणी पाहावी. ऑक्सिजन मोजणारा महागडा भाग बदलण्यास संमती देण्यापूर्वी हे दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत.

झडप साफ केल्यावर किंवा बॅटरीची तार काढून पुन्हा जोडल्यावर पहिले काही मैल गती थोडी अस्थिर राहू शकते, कारण संगणकाला नवे माप शिकावे लागते. काही मोटारींत हे शिकविण्याचे काम यंत्राने करावे लागते. रंकाळ्याला एक-दोन फेऱ्या मारून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, दिवे व पंखा बंद ठेवून गती पुन्हा पाहावी आणि नंतर दिवे लावून एकदा पाहावी.