पंप आणि श्वास

नाशिकला हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. या दिवसांत माझ्या धाकट्या भावाचा दमा बळावत असे. रात्री तो अंथरुणावर उठून बसे. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. डॉक्टरांनी त्याला पंप, म्हणजेच इनहेलर, दिला होता. तरी त्याला आराम पडत नव्हता. "पंपाची सवय लागते," असे दादी म्हणाल्या. अम्मीने पंप कपाटात ठेवून दिला.

एका रात्री त्याला इतकी धाप लागली, की बोलताही येईना. अब्बांनी त्याला रिक्षाने दवाखान्यात नेले. बरे वाटल्यावर डॉक्टर म्हणाले, "बेटा, पंप कसा घेतोस ते दाखव." भावाने तोंड उघडले, पंप दाबला आणि मग श्वास घेतला. औषधाचा पांढरा फवारा तोंडातून बाहेर आला!

डॉक्टर म्हणाले, "औषध चांगले आहे, पण ते जिभेवरच राहते. ते छातीत नेण्याचे काम तुझ्या श्वासाचे आहे."

मुलांनो, दम्यात श्वासनलिका सुजतात व आकसतात. पंपाचे औषध थेट तेथे पोहोचते. म्हणून ते थोडेसेच पुरते. असा पंप १९५६ साली अमेरिकेत निघाला. औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता. केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरत नाही, असे तिने वडिलांना विचारले. त्या प्रश्नातून हा पंप तयार झाला.

डॉक्टरांनी भावाला पुढील रीत शिकवली. टोपण काढून पंप हलवावा. श्वास पूर्ण बाहेर सोडावा. पंपाचे तोंड ओठांत घट्ट धरावे. हळूहळू श्वास आत घेऊ लागताच पंप दाबावा आणि श्वास घेतच राहावे. मग दहापर्यंत अंक मोजून श्वास रोखावा. दुसरा फवारा हवा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबावे. लहान मुलांसाठी पंपाला स्पेसर नावाची नळी जोडावी. सूज कमी करणारा पंप रोज घ्यावा लागतो. तो घेतल्यावर चूळ भरावी.

नाकाच्या फवाऱ्याचीही रीत आहे. आधी नाक शिंकरावे. मान किंचित खाली झुकवावी. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत व डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत फवारा मारावा. त्याचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नसावे. श्वास हळूच ओढावा. जोराने ओढल्यास औषध घशात उतरते.

पंपाची नशा किंवा सवय लागत नाही. डॉक्टरांना न विचारता तो बंद करू नये. मात्र पंप घेऊनही धाप थांबली नाही, किंवा ओठ निळे पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

आता भावाचा पंप कपाटात नसतो, दप्तरात असतो. दादीच त्याला रोज विचारतात, "पंप घेतलास का?"

शब्दार्थ : धाप – दम लागणे; आकसणे – आखडणे, अरुंद होणे; रीत – पद्धत.

स्वाध्याय
१. भावाला पंपाने आराम का पडत नव्हता?
२. पंप घेण्याची रीत आपल्या शब्दांत घरी सांगा.